बॅकअपचं फुकट सॉफ्टवेअर निवडायचंय? आधी रिस्टोर करून बघा

दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी विचारतंच, अगं तुला कळतं ना कॉम्प्युटरमधलं, घरच्या पीसीचा बॅकअप घ्यायला फुकटातलं एखादं चांगलं सॉफ्टवेअर सांग ना. मी नाव सांगायच्या आधी उलट विचारते, समजा उद्या सकाळी मशीन चालूच झालं नाही तर पहिल्या तासात तुम्ही काय काय करणार? यावर बहुतेक जण गप्प होतात. कारण बॅकअप घेण्याचा विचार सगळ्यांनी केलेला असतो, तो परत आणायचा कसा, म्हणजे रिस्टोर, याचा कुणीच केलेला नसतो. मीपण नव्हता केला, काकांच्या घरात पाणी शिरेपर्यंत.

२०२४च्या ऑगस्टमध्ये जन्माष्टमीच्या सुमाराला बडोद्यात विश्वामित्री नदीला पूर आला तो इथल्या कुणाला आठवत नसेल असं नाही. धोक्याची पातळी २६ फुटांची, पाणी गेलं ३५च्याही वर. आम्ही दांडिया बाजारात दुसऱ्या मजल्यावर, पण काका-काकू कारेलीबागेत तळमजल्याला. पाणी चढायला लागल्यावर काकांनी आधी देव उचलले, मग गाद्या, गव्हाचा डबा, काकूची औषधं, आणि सगळं घेऊन वरच्या शेजाऱ्यांकडे गेले. सीपीयू टेबलाखाली जमिनीवर होता तो तिथेच राहिला. पाणी उतरल्यावर आम्ही चिखल काढायला गेलो तेव्हा काका एकदम शांतपणे म्हणाले, "बॅकअप आहे गं माझा, दर महिन्याच्या एक तारखेला घेतो." कुठाय? तर त्याच टेबलाच्या खालच्या खणात, प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळून ठेवलेली पोर्टेबल डिस्क, आणि पिशवी पाण्याने टम्म.

सॉफ्टवेअर चांगलं होतं, माणूस तारखेचा पक्का होता, डिस्क वर्षभरसुद्धा जुनी नव्हती. आणि त्यावर काय होतं, तर दोन वर्षं खपून तयार केलेला आमच्या घराण्याचा कुळवृत्तांत, वंशावळीसकट, आणि आजोबांच्या वेळचे स्कॅन केलेले फोटो.

हे इथे सांगून ठेवते कारण पावसाळा दरवर्षी येतो: भिजलेली डिस्क चालू करून बघू नका. साध्या हार्डडिस्कला हवेसाठी एक बारीक छिद्र असतं, त्यातून आत गाळाचं पाणी जातं, आणि डिस्क फिरायला लागली की तो गाळ आतल्या तबकडीवर घासला जातो. उन्हात ठेवू नका, हेअर ड्रायर मारू नका, तांदळात तर अजिबात पुरू नका. डेटा हवाच असेल तर तशीच ओलसर, बंद पिशवीत घालून रिकव्हरीवाल्याकडे द्या. आमच्याकडे एका ओळखीच्या दुकानदाराने "टेन्शन ना लो बेन, हुं जोई लउं छुं" (मी बघून घेतो) म्हणत दोन दिवस वाळवून केबल लावली, एक टक-टक आवाज आला आणि संपलं. नंतर लॅबवाल्याने आकडा सांगितला पस्तीस हजार, तेही मिळेलच असं नाही म्हणून. काकांनी डिस्क परत आणली, अजून जपून ठेवलीये, का ते त्यांनाच माहीत.

असो. सॉफ्टवेअरकडे येते, पण त्याआधी एक दहा मिनिटांचं काम, जे कुणी करत नाही. नक्की वाचवायचं काय आहे ते बघा. डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, पिक्चर्स, डाउनलोड्स या एकेका फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये साइझ वाचा आणि कागदावर लिहा. काकांच्या नव्या मशीनवर आम्ही हे केलं तेव्हा एकूण ३८ जीबी निघाले आणि त्यातले ३१ जीबी व्हॉट्सॲपवरून उतरवलेले व्हिडिओ, सुप्रभात आणि गुडघेदुखीचे व्यायाम. म्हणजे ज्यासाठी जीव तुटतो तो माल ७ जीबीचा, पेनड्राइव्हवर मावेल इतका. हा आकडा कळला की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात, क्लाउड पुरेल का, डिस्क किती मोठी हवी, सगळं.

आणि या यादीत लोक हमखास विसरतात त्या गोष्टी म्हणजे ब्राउझरचे बुकमार्क, आउटलुक वापरत असाल तर त्याची मोठी फाइल, हिशेबाच्या टॅली सॉफ्टवेअरचा डेटा आणि फॉन्ट. हो, फॉन्ट. आपल्याकडे जुनं मराठी टायपिंग श्रीलिपीसारख्या फॉन्टात केलेलं असतं, युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येईल अशा पद्धतीत नसतं, आणि अशी फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली की तो फॉन्ट नसल्यामुळे इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. फाइल शाबूत, वाचता एक ओळ येत नाही. तर फॉन्टच्या फाइलीसुद्धा बॅकअपच्या फोल्डरात ठेवा आणि महत्त्वाच्या डॉक्युमेंटची एक पीडीएफ काढून शेजारी ठेवा, पीडीएफमध्ये साधारणपणे फॉन्ट आतच बसलेला असतो. टॅलीसाठी फोल्डर कॉपी करण्यापेक्षा टॅलीप्राइममध्ये ऑल्ट आणि वाय दाबून डेटामधला बॅकअप घ्या, आणि ती बॅकअपची फाइल आपल्या नेहमीच्या बॅकअपमध्ये येऊ द्या. टॅली उघडं असताना खालून फोल्डर कॉपी केला तर तो अर्धवट निघू शकतो.

आता एक गैरसमज. "माझं सगळं गूगल ड्राइव्हवर आहे, मला बॅकअपची गरज नाही." हे सिंक आहे, बॅकअप नाही, आणि यातला फरक माझ्या भाच्याने आम्हाला फुकटात शिकवला. त्याने लॅपटॉपवर जागा करायची म्हणून एक फोल्डर उडवला, तो ड्राइव्हवरूनही उडाला, आईच्या फोनवरूनही उडाला, कारण सिंकचं कामच ते आहे, इथे जे होईल ते तिकडे करायचं. ट्रॅशमध्ये ३० दिवस राहतं, त्याला आठवण आली दीड महिन्याने, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात. शिवाय फुकटची जागा गूगलची १५ जीबी, त्यात जीमेल आणि फोटो दोन्ही मोजले जातात, १ जून २०२१पासून फोटोंनाही सूट नाही. वनड्राइव्हची तर ५ जीबीच. विंडोज ११मध्ये वनड्राइव्हला होकार दिला की डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स त्याच्या फोल्डरात नेऊन ठेवतं आणि ५ जीबी भरले की बोंब मारत बसतं, बऱ्याच जणांना आपल्या फाइली नक्की कुठे आहेत हेच त्यानंतर कळत नाही. क्लाउड वाईट नाही, मीपण वापरते, फक्त एकटं क्लाउड पुरेसं नाही.

फुकट सॉफ्टवेअर म्हणजेही तीन जातीचं असतं. एक, जे विंडोज किंवा मॅकच्या आतच आलेलं असतं. दोन, ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो. तीन, एखाद्या कंपनीच्या पैसेवाल्या सॉफ्टवेअरची फ्री आवृत्ती. तिसऱ्या जातीत छान छान वस्तू आहेत पण ती कंपनीच्या मर्जीवर चालते हे लक्षात ठेवा. मॅक्रियम रिफ्लेक्टची फ्री आवृत्ती वर्षानुवर्षं सगळे सुचवायचे, मीही चार घरी घालून दिली होती, कंपनीने ती बंद केली आणि १ जानेवारी २०२४नंतर तिला सिक्युरिटी पॅच मिळायचे थांबले. त्यांचा माल, त्यांची मर्जी, पण मला चार घरी परत जाऊन बदलून द्यावं लागलं. काही फ्री आवृत्त्या तर अशा, की बॅकअप घेताना फुकट आणि अडीनडीला डिस्क बदलायची वेळ आली की ते बटण राखाडी, आधी पैसे भरा. म्हणून इन्स्टॉल केल्या दिवशीच सगळी बटणं दाबून बघा, विशेषतः रिस्टोरचं.

मी कुठलंही सॉफ्टवेअर निवडताना मुख्य प्रश्न एकच विचारते. हे सॉफ्टवेअर उद्या जगातून नाहीसं झालं तर माझी कॉपी मला उघडता येईल का? काही सॉफ्टवेअरं साध्या फाइली म्हणून कॉपी ठेवतात, डिस्क कुठल्याही कॉम्प्युटरला लावा, डबल क्लिक करा, उघडली. काही स्वतःच्या पद्धतीच्या गाठोड्यात बांधतात, ते गाठोडं त्यांनाच सोडवता येतं. गाठोड्याचे फायदे असतात, जागा कमी लागते, पासवर्ड लावता येतो, जुन्या आवृत्त्या स्वस्तात राहतात. पण काका-काकूंच्या वयाच्या माणसांसाठी मी डोळे झाकून साध्या फाइलीवालंच निवडते. मग बाकीचे प्रश्न, जुन्या आवृत्त्या ठेवतं का, आपोआप चालतं का, आणि चाललं नाही तर ओरडून सांगतं का. शेवटचा प्रश्न फार मोलाचा आहे, कारण गुपचूप बंद पडलेला बॅकअप हा नसलेल्या बॅकअपपेक्षा वाईट, माणूस त्याच्या भरवशावर निवांत झोपलेला असतो.

विंडोजवाल्यांनी सुरुवात फाइल हिस्टरीपासून करावी, विंडोज ८पासून आतच आहे, काही उतरवायला नको. विंडोज ११मध्ये ते सेटिंग्जमध्ये सापडत नाही, स्टार्टमध्ये कंट्रोल पॅनल शोधा आणि त्यात फाइल हिस्टरी. डिस्क लावा, टर्न ऑन दाबा, एवढंच. दर तासाला बदललेल्या फाइली डिस्कवर टाकतं आणि प्रत्येक कॉपीच्या नावापुढे तारीख-वेळ चिकटवतं, त्यामुळे डिस्क दुसरीकडे लावूनही फाइल सरळ उघडते. अडचण एकच, ते फक्त डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप असे ठरलेलेच फोल्डर घेतं. तुमचं काम डी ड्राइव्हवर कुठेतरी असेल तर तो फोल्डर आधी लायब्ररीत सामील करावा लागतो, राइट क्लिक करून. आपल्याकडे तर निम्म्या लोकांना कुणीतरी सांगितलेलं असतं की सी ड्राइव्हवर काही ठेवायचं नाही, सगळं डीवर, आणि मग फाइल हिस्टरी बिचारं रिकाम्या डॉक्युमेंट्सचा बॅकअप दर तासाला इमानदारीने घेत राहतं.

काकांचंही सगळं डीवरच, म्हणून त्यांना मी फ्रीफाइलसिंक लावून दिलं. ओपन सोर्स आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं, त्याच्याच साइटवरून उतरवा, गूगलमध्ये वर वर दिसणाऱ्या भलत्या डाउनलोडच्या साइटींवरून नको. हे जरा सावकाश सांगते कारण इथे एक चूक महागात पडते.

उघडलं की दोन बाजू दिसतात. डावीकडे तुमचा खरा फोल्डर ओढून टाका, उजवीकडे पोर्टेबल डिस्कवरचा बॅकअपचा फोल्डर. वर कम्पेअरचं बटण, त्याच्या शेजारी निळं चाक, मध्ये गाळणी आणि मग सिंकचं हिरवं चाक. हिरवं चाक दाबलं की टू वे, मिरर, अपडेट असे प्रकार येतात. टू वे बॅकअपसाठी नको. मिरर म्हणजे उजवी बाजू हुबेहूब डाव्यासारखी करणार, म्हणजे डावीकडे जे नाही ते उजवीकडूनही उडवणार. अपडेट म्हणजे फक्त नवीन आणि बदललेलं पाठवणार, उडवणार काहीच नाही. आता मिरर नीटनेटकं दिसतं म्हणून लोक ते घेतात आणि कधीतरी डावीकडचा फोल्डर चुकून रिकामा झाला, किंवा एखाद्या रॅन्समवेअरने, म्हणजे खंडणी मागणाऱ्या व्हायरसने, सगळ्या फाइली कुलूपबंद केल्या, तर पुढच्या सिंकला तोच गोंधळ इमानाने बॅकअपवर चढतो. २०१७च्या मेमध्ये वॉनाक्राय नावाचा असाच व्हायरस आला तेव्हा ज्यांच्या डिस्का कायम जोडलेल्या होत्या त्यांची हीच पंचाईत, पीसीही गेला आणि शेजारची डिस्कही.

उपाय त्याच खिडकीत आहे. खाली उडवलेल्या आणि बदललेल्या फाइलींचं काय करायचं याचा पर्याय आहे, तिथे व्हर्जनिंग निवडा, त्याच डिस्कवर "जुन्या" नावाचा फोल्डर करून तो दाखवा, आणि नाव देण्याची पद्धत टाइम स्टॅम्प ठेवा. आता जे उडेल किंवा बदलेल त्याची जुनी प्रत तारखेसकट "जुन्या"मध्ये जाऊन पडते. गाळणीच्या बटणातून व्हॉट्सॲपच्या व्हिडिओंचा फोल्डर वगळा, सुप्रभात नाही वाचवलं तरी चालतं. आणि पोर्टेबल डिस्कचं ड्राइव्हचं अक्षर कधी ई असतं कधी एफ होतं, त्यामुळे डिस्कला एक नाव द्या आणि फ्रीफाइलसिंकमध्ये पत्ता त्या नावाने, चौकोनी कंसात लिहून द्या, मग अक्षर बदललं तरी ते डिस्क बरोबर ओळखतं. हे मला दोनदा फोनवरून काकांशी भांडल्यावर कळलं. "अगं तू म्हणालीस ई, इथे ई नाहीच!"

सगळं जमलं की सेव्ह ॲज बॅच जॉब करा, डेस्कटॉपवर एक आयकॉन तयार होतो, काकांच्या आयकॉनचं नाव आहे रविवार. डिस्क लावायची, रविवारवर डबल क्लिक, संपलं की डिस्क काढायची. टास्क शेड्युलर लावून आपोआपही करता येतं, पण मग डिस्क कायम जोडलेली राहते, आणि ते मला या वयात त्यांच्यासाठी नको होतं.

माझं स्वतःचं काम वेगळं आहे, मी घरून चार-सहा दुकानांचे हिशेब आणि जीएसटीचं बघते, म्हणजे दुसऱ्यांचा डेटा, तो उघड्या डिस्कवर ठेवून डिस्क कुणाकडे ठेवायला द्यायची माझी हिंमत नाही. इथे गाठोड्यावालं सॉफ्टवेअर हवं. यात दोन नावं बघण्यासारखी, ड्युप्लिकाटी आणि कोपिया, दोन्ही ओपन सोर्स. ड्युप्लिकाटी ब्राउझरमध्ये उघडतं, विझार्डसारखं एकेक विचारत जातं, एन्क्रिप्ट करून, म्हणजे पासवर्डाने कुलूपबंद करून, गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह किंवा डिस्क कुठेही पाठवतं, वेळापत्रक त्याचं त्यालाच सांभाळता येतं. फाइलींचे तुकडे करून ठराविक मापाची, नेहमीच्या सेटिंगला ५० एमबीची, पाकिटं बनवतं. रिस्टोरला मात्र थोडा धीर लागतो, कारण नव्या मशीनवर आधी ती पाकिटं वाचून ते स्वतःची यादी परत तयार करतं. कोपिया मला जास्त आवडलं, चपळ आहे आणि स्नॅपशॉट, म्हणजे त्या त्या वेळचे बॅकअप, तारखेवार उघडून आतल्या फोल्डरात फिरता येतं, पण त्याची भाषा पहिल्यांदा जरा परकी वाटते, रिपॉझिटरी, पॉलिसी वगैरे. एक संध्याकाळ द्या आणि चहा ठेवा.

या दोन्हींत पासवर्ड हरवला की सगळं हरवलं. फरगॉट पासवर्ड अशी सोय नाही, कुणाला फोन करून उपयोग नाही. मी पासवर्ड कागदावर लिहून दोन ठिकाणी ठेवलाय, एक नवऱ्याच्या ऑफिसच्या खणात, दुसरी जागा सांगत नाही. पासवर्ड त्याच कॉम्प्युटरमध्ये टाइप करून ठेवणं म्हणजे घराला कुलूप लावून किल्ली आत टाकण्यासारखं आहे, हसू नका, एकीने केलंय.

मग पूर्ण मशीनची इमेज. म्हणजे विंडोज, सॉफ्टवेअरं, सेटिंग, सगळ्यासकट डिस्कचा ठसा. घरच्या माणसाला याची खरंच गरज आहे का? माझ्या मते बहुतेकांना नाही, विंडोज परत घालता येतं, क्रोम परत उतरवता येतं. पण ज्यांच्याकडे जुनं सॉफ्टवेअर आहे ज्याची सीडी हरवलीये, किंवा ज्यांना जुनी डिस्क काढून एसएसडी, म्हणजे नव्या जातीची वेगवान डिस्क, घालायचीये, त्यांनी घ्यावी. वीम एजंटची विंडोजसाठीची फ्री आवृत्ती चांगली आहे, मशीन चालू असतानाच इमेज घेते, आणि मग रिकव्हरी मीडिया म्हणून पेनड्राइव्ह बनवून घ्या असं म्हणते. ते टाळू नका, मशीन मेल्यावर सुरुवात त्याच पेनड्राइव्हवरून होणार. क्लोनझिला पूर्ण फुकट आणि ओपन सोर्स, तैवानमधल्या लोकांचं, पेनड्राइव्हवरून बूट होतं, म्हणजे मशीन विंडोजऐवजी त्यावरूनच चालू होतं, पण नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर प्रश्न विचारतं आणि त्यात कुठली डिस्क कुठली हे चुकलं की चांगली डिस्क पुसली जाते. तेच काम माऊसने करायचं असेल तर रेस्क्यूझिला घ्या, क्लोनझिलाने घेतलेली इमेजही त्याला वाचता येते. आणि क्लोनझिलाची इमेज आधीच्यापेक्षा लहान डिस्कवर सरळ उतरत नाही, एक टीबीची हार्डडिस्क काढून ५०० जीबीची एसएसडी घालणारे इथे अडकतात.

विंडोजमध्ये बॅकअप अँड रिस्टोर विंडोज ७ नावाचं एक जुनं पान अजून आहे, त्यातही इमेज निघते, पण मायक्रोसॉफ्टने ती सोय २०१७मध्येच जुनी ठरवून टाकलीये, त्यावर नवं घर बांधू नका. आणि विंडोज ११वाल्यांनी एक गोष्ट आजच बघा, डिस्कला बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, चालू आहे का. असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून काढून छापून ठेवा. मशीन बिघडल्यावर ती मागितली जाते आणि तेव्हा अकाउंटचा पासवर्ड आठवत नसतो, नियमच आहे तो. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला म्हणून जे आत्ता ११वर जातायत त्यांनी आधी फाइलींचा बॅकअप, मग अपग्रेड.

मॅकवाल्यांना फार सांगायचं नाही, टाइम मशीन २००७पासून आत आहे, डिस्क लावा आणि विसरा. लिनक्सवर घरच्या फाइलींसाठी देजा दूप सोपं. टाइमशिफ्ट बरेच जण लावून निश्चिंत होतात, पण ते मूळ हेतूने सिस्टिम जपतं, तुमच्या होम फोल्डरातल्या फाइली नेहमीच्या सेटिंगला घेत नाही.

डिस्कबद्दल दोन शब्द. एक टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते, दुकानदाराशी भांडू नका, मोजायची पद्धत वेगळी आहे. जुना पेनड्राइव्ह फॅट३२ या फॉरमॅटचा असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल घेणार नाही, फक्त विंडोज वापरत असाल तर एनटीएफएस, मॅकलाही लावायची असेल तर एक्सफॅट, आणि फॉरमॅट करताना आतलं सगळं जातं हे सांगायची गरज नसावी. केबल निळ्या पोर्टात लावा. जुन्या यूएसबी २च्या पोर्टात सेकंदाला तीसेक एमबी जातात, म्हणजे २०० जीबीला जवळजवळ दोन तास, निळ्यात साधारण हार्डडिस्कलाही अर्धा-पाऊण तास. आणि १० एमबीपीएसच्या अपलोडवर हेच २०० जीबी क्लाउडवर चढवायला अखंड ४४ तास, म्हणून पहिला मोठा बॅकअप डिस्कवर आणि फक्त खास ५-७ जीबी क्लाउडवर असं मी करते.

फोटोग्राफर पीटर क्रोग यांनी रूढ केलेला तीन-दोन-एकचा नियम ऐकला असेल, तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर. तिन्हीत शेवटचा एक महत्त्वाचा, आणि आपल्या गावात घराबाहेर म्हणजे निव्वळ शेजारच्या घरात नव्हे, कारण पाणी गल्ली बघून येत नाही. ३१ जुलै २०१९ला एका दिवसात जवळजवळ ५०० मिलिमीटर पाऊस पडला होता तेव्हाही हेच. काकांच्या आता दोन डिस्का आहेत. एक त्यांच्याकडे, आता खणात नाही, माळ्यावर. दुसरी आमच्याकडे दुसऱ्या मजल्यावर, आणि मी गेले की अदलाबदल.

आणि मग ती परीक्षा, जिच्यासाठी एवढं लिहिलं. महिन्यातून एकदा, बॅकअपमधली एक कुठलीही फाइल, कुठलीही म्हणजे खरंच कुठलीही, दुसऱ्याच कॉम्प्युटरवर उघडायची. आपल्याच मशीनवर नाही, तिथे फॉन्टही असतो, सॉफ्टवेअरही असतं, पासवर्डही लक्षात ठेवलेला असतो, सगळं चालतंय असं वाटतं. मी कोपियाची परीक्षा नवऱ्याच्या लॅपटॉपवर घेतली तेव्हा पहिल्याच वेळी नापास, कारण कागदावर पासवर्ड लिहिताना शेवटचं उद्गारचिन्ह मी लिहिलंच नव्हतं. तेव्हा माझं मशीन जिवंत होतं म्हणून निभावलं.

काकांच्या कुळवृत्तांताचं काय झालं विचाराल, तर २०२२मध्ये त्यांनी नाशिकच्या चुलतभावाला शंकानिरसनासाठी एक प्रत ईमेल केली होती, ती त्याच्या इनबॉक्समध्ये तशीच पडून होती. श्रीलिपीतली, शेवटच्या दोन पिढ्या आणि फोटो नसलेली. माझ्याकडे उघडली तर अक्षरांचा काला, मग फॉन्ट शोधा, युनिकोडमध्ये बदला, जोडाक्षरं हाताने दुरुस्त करा, पूर्ण दिवाळी त्यात गेली. आता काका उरलेल्या पिढ्या परत लिहून काढतायत, युनिकोडमध्ये, आणि दर महिन्याच्या परीक्षेला फाइल ते स्वतः निवडतात, डोळे मिटून यादीवर बोट ठेवून. गेल्या वेळी बोट पडलं ते गुडघेदुखीच्या व्यायामाच्या एका व्हिडिओवर, जो गाळणीतून कसा काय सुटला मला अजून कळलेलं नाही. उघडला मात्र व्यवस्थित.